चाळीस तोळे कापड

बुलढाणा, ४ जुलै १९३७

प्रिय शरयूआत्या,

तीर्थरूपापासून साष्टांग नमस्कारापर्यंत जे वर लिहायचं असतं ते सगळं लिहिलं आहे असं समज. जागा वाचते.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले. वर्गात एकतीस मुलगे आणि आम्ही चार मुली. मास्तर आत शिरले की त्यांच्या मागून आम्ही शिरायचं, आणि ते निघाले की त्यांच्या मागून निघायचं. माझी मैत्रीण कोकिळा, वरवट बकालच्या किसनरावांची, इथे मामाकडे राहते, ती म्हणते, "आपण का मास्तरचं शेपूट हाओत काय व?"

मी जूनपासून गोल पातळ नेसते, पाचवारी. त्यात पळता येतं. बांगडी प्रत्येक हातात एकच. आणि भांग डावीकडून पाडते. त्यावरून घरात आठ दिवस चालू होतं, आता आई थकली. भूगोलाचे मास्तर भर वर्गात म्हणाले, "चारुलताबाई, हा भांग आहे का राजूरचा घाट?" मुलगे हसले. मी म्हटलं, "सर, घाटातून गेल्याशिवाय मलकापूरची गाडी मिळत नाही." मग मास्तरही हसले. पण मला शिक्षा म्हणून वऱ्हाडच्या नद्या पाठ करायला दिल्या.

माझी मतं तुला हवी असोत वा नसोत, पाठवते. चहा दुधापेक्षा चांगला. ज्या कवितेत 'सखे' येतं ती पुढे वाचू नये. तोंडाला स्नो लावलेल्या बायकांचा वास सगळ्यांचा एकच येतो, त्यामुळे अंधारात ओळखता येत नाहीत. भूमिती ही शिकवणाऱ्याने खिडकीबाहेर न बघता शिकवली पाहिजे. मुलींनी टाळ्या मोठ्याने वाजवाव्यात.

आता कामाचं. मला रंगांचा नाद लागला आहे. वाळवलेल्या पळसफुलांचा पिवळा, पारिजातकाच्या देठांचा केशरी, कांद्याच्या सालींचा एक असा रंग की ज्याला मराठीत नाव नाही. अकरा रुमाल झाले. ताईआत्या म्हणते, "चुलीवर माह्या डाळीच्या आधी तुही पातेली चढते." (तुम्हां दोघींना आत्या म्हणायचं म्हणजे पंचाईतच, म्हणून ती ताईआत्या आणि तू नुसती आत्या.) पण दोन धुण्यांत सगळे रंग उतरतात. तू एवढी कंपौंडरची परीक्षा पास झालीस, सांग की रंग टिकवायचा कसा?

तुझी,
चारू


नागपूर, ११ जुलै १९३७

चि. चारू,

तुझ्या पत्रात बरीच मतं आणि एक प्रश्न होता. प्रश्नाचं उत्तर देते.

सुती कापड रंग धरत नाही. रेशीम आणि लोकर धरतात. सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात ठेवावं लागतं. म्हणजे रंगाला चिकटायला काहीतरी मिळतं. किती हिरडा, किती तुरटी, हे कापडाच्या वजनावर ठरतं. म्हणून पहिल्यांदा कोरडं कापड तोलायचं. मूठ, चिमूट, अंदाजे, हे शब्द आमच्या औषधखोलीत चालत नाहीत. माझ्या हाताखाली दोन मुली शिकतात. त्यांनाही मी हेच सांगते आणि त्याही तोंड वाकडं करतात.

भांगाबद्दल मला मत नाही. माझ्या केसांना सकाळी सात ते दुपारी दोन रुमाल बांधलेला असतो.

भूमितीत किती मार्क पडले ते तू लिहिलं नाहीस.

शरयू


बुलढाणा, २५ जुलै १९३७

प्रिय आत्या,

एकतीस. शंभरापैकी. आता पुढे.

मला तांबडा रंग हवा आहे. चित्रकलेच्या प्रदर्शनात टेबलावर घालायला एक कापड रंगवायचं आहे. दीड वार लांब, सव्वा वार रुंद. शेजारच्या तराजूवर तोलून आणलं, चाळीस तोळे भरलं. बघ, मी अंदाजे लिहिलं नाही.

तांबडा म्हणजे कुंकवासारखा नको. चकाकी नको. जुन्या विटेसारखा, मळका, थोडा मेलेला. तो कसा करतात?

बाकी ठीक. आई रोज सकाळी माझ्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय चोळते. काऊन म्हणून विचारलं तर म्हणते, "उन्हात फिरतेस म्हणून." जुलैत ऊन कुठलं? ताईआत्येचे गुडघे दुखतात, पण सांगत नाही. अप्पा दोनदा अकोल्याला जाऊन आले.

चारू


नागपूर, १ ऑगस्ट १९३७

चि. चारू,

चाळीस तोळे कापडासाठी:

कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढ. आठ तोळे हिरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात कापड एक रात्र ठेव. पिळ, धुऊ नकोस, वाळव. मग आठ तोळे तुरटीच्या कोमट पाण्यात आणखी एक रात्र. पुन्हा वाळव. तीस तोळे मंजिष्ठ कुटून आदल्या दिवशी भिजत घाल. तिच्या पाण्यात कापड तासभर हलवत राहा. पाण्यात बोट ठेववणार नाही इतकं गरम हवं, पण उकळी फुटता कामा नये. उकळलं तर तपकिरी होईल. पातेलं कल्हईचं घे. लोखंडी कढई घेऊ नकोस.

चकाकी मारायची तर शेवटच्या पाण्यात हिराकस घाल. पाव तोळा. जास्त घातलास तर रंग काळवंडेल आणि वर्षभरात कापड कुजेल.

मंजिष्ठ तुझ्याकडे चांगली मिळणार नाही. इथून पार्सलने पाठवते. रंग झाला की बोटभर नमुना पाठव. एकतीसबद्दल सवडीने लिहीन.

ताईला गुडघ्यांसाठी तेल पाठवते आहे. चोळायला दुसरं कोणी लागतं. तू चोळ.

शरयू


नागपूर, २० ऑगस्ट १९३७ (कार्ड)

चि. चारू, नमुना आला नाही. पार्सल पोचलं का ते कळव. शरयू


बुलढाणा, ३१ ऑगस्ट १९३७

प्रिय आत्या,

पार्सल पोचलं होतं. रंगही झाला. तू सांगितलास तसाच झाला, इतका की मला स्वतःलाच नवल वाटलं.

पण एक गोंधळ झाला आहे आणि तो तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

परवा रविवारी अकोल्याचे लोक मला पाहायला आले. मला आदल्या संध्याकाळी सांगितलं. मुलगा, त्याची आई आणि मामा. आईने माझ्यासाठी तिचं जांभळं लुगडं काढून ठेवलं होतं. ते माझ्या अंगावर राहीना, मला नऊवारीची सवय नाही. तेव्हा गडबडीत मी माझं धुतलेलं पातळ नेसले. तेच, नवीन रंगाचं. टेबलावर घालायचं कापड कमी पडलं म्हणून मी पातळच रंगवलं होतं. त्याला काठ नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले. मुलाच्या आईने बशी घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. घेईना, मागेही नेईना. मामांनी पागोटं सारखं केलं. अंगणात गोजरबाई भांडी घासत होती. तिने मान वर केली आणि एकदम ओरडली, "अव माय! लगन व्हायच्या आंधीच आलवण नेसली काय व पोरी!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. विधवा म्हणून ताईआत्या नेसते तोच रंग. तसाच, बिनकाठाचा.

आणि ताईआत्या बाहेर आली. तुला ठाऊक आहे, असे पाहुणे असले की ती स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल टाकत नाही. पदर कपाळापर्यंत ओढून ती सरळ त्या लोकांच्या समोर आली, माझ्या हातातलं तबक काढून खाली ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. आम्ही दोघी दारात एका रंगाच्या होतो. मागे मुलाची आई म्हणाली, "चला, गाडीची वेळ झाली." गाडीला अजून तीन तास होते.

अप्पा म्हणाले की दिवाळीनंतर शाळा बंद. मॅट्रिकचा फॉर्म नोव्हेंबरअखेर भरायचा असतो, पालकांच्या सहीने. ते म्हणाले सही करणार नाही. "रंगाच्या पातेल्यात डोकं बुडवलं पोरीनं. तिच्या चुकीनं मी गावात तोंड काय दाखवू?"

ताईआत्या बोलत नाही. जेवते, पण थोडं.

चूकच झाली, आत्या. माझं लक्ष नव्हतं.

चारू


नागपूर, ४ सप्टेंबर १९३७

चि. चारू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग तुझं २५ जुलैचं पत्र काढलं.

पाच वार लांब आणि सव्वा वार रुंद पातळ चाळीस तोळे भरतं. त्याच कापडाचा दीड वाराचा तुकडा बारा तोळे भरेल. चाळीस तोळे दीड वारात बसवायचे तर ती सतरंजी होईल. तू जुलैत पातळच तोललं होतंस. 'कापड कमी पडलं' हे खरं नाही.

तुला तांबडा नको होता, मळका तांबडा हवा होता. चकाकी मारण्याचा उपाय तू मागून घेतलास. ताईची लुगडी तू रोज दोरीवर पाहतेस.

पाहुणे येणार हे डाळीच्या पिठावरून तुला जुलैत कळलं होतं. मला ते १ ऑगस्टला कळायला हवं होतं. मी वजन वाचलं आणि प्रमाण काढलं. कशासाठी, हे विचारलं नाही. तेवढी चूक माझी.

तुझी चूक काय ते तू लिही. या वेळी रंगाबद्दल लिहू नकोस.

शरयू


बुलढाणा, १० सप्टेंबर १९३७

आत्या,

हो.

जूनमध्येच कळलं होतं. अप्पा आईला सांगत होते, मुलगा अकोल्याला कोर्टात आहे, दिवाळीनंतरचा मुहूर्त धरतील. दिवाळीनंतर म्हणजे परीक्षेच्या आधी. मी चार महिने आधी कशी उठणार वर्गातून? आमच्या शाळेतून अजून एकही मुलगी मॅट्रिक झालेली नाही. कोकिळा होणार नाही, तिला हिशेब सोडून काही येत नाही. मला होता येईल. भूमिती सोडून.

मी विचार केला की त्या लोकांनी आपण होऊन उठून गेलं पाहिजे. कोणाला माझा राग येता कामा नये. सगळ्यांना माझा रंगांचा नाद ठाऊक आहे, तेव्हा सगळे म्हणतील वेडी पोरगी, लक्ष नसतं. झालंही तसंच. फक्त मला वाटलं होतं की अप्पा दोन दिवस ओरडतील आणि संपेल. शाळाच बंद करतील हे डोक्यात आलं नाही. आणि ताईआत्या बाहेर येईल हेही नाही.

तूही असंच काहीतरी केलं होतंस ना? आई सांगते, तुला पाहायला आले होते तेव्हा तू पाहुण्यांच्या तोंडावर नाही म्हणालीस, म्हणून तुला नागपूरला धाडलं. मी तुझ्याइतकी धीट नाही, म्हणून रंगाने केलं.

अप्पांना तू पत्र लिही. तुझं ते ऐकतात. मोजून चार ओळी लिही, तू लिहितेस तशा. माझं सगळं त्या सहीवर आहे.

तेल मी चोळत होते. आता ती चोळू देत नाही.

चारू


नागपूर, १५ सप्टेंबर १९३७

चि. चारू,

मी दादाला लिहिणार नाही. कारण शेवटी सांगते.

१९२९ साली मी सोळा वर्षांची होते. मला पाहायला आले तो बिजवर होता, दोन मुलांचा बाप. मी त्या दिवशी एक शब्दही बोलले नाही. माझ्या तोंडातून नाही निघालं नाही, हो निघालं नाही. मी बशा दिल्या आणि आत गेले. वहिनीला कोणी सांगितलं ते ठाऊक नाही. माझ्याबद्दल ही गोष्ट फिरते हे मला कळलं होतं आणि ती खोडावी असं मला कधी वाटलं नाही, कारण ती ऐकायला बरी होती.

झालं ते असं. दुसऱ्या दिवशी दादा जेवायला बसला होता. ताई वाढत होती. हातातलं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "वैजनाथ, शरयूले शिकू दे. मी कधी काही मागतलं नाही तुले." दादा म्हणाला, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "माह्याबद्दल म्हणतच असतात. तेच म्हणतील." एवढंच. महिन्याभरात मी इथे होते.

तेव्हा तुझ्या बाजूने दादाशी बोलू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं, आणि तू त्याच्या लुगड्याचा रंग नेसून पाहुण्यांना घाबरवलंस.

आता काय करायचं. ताईला जाऊन खरं सांग. त्यात मदत मागू नकोस. मदतीसाठी सांगितलंस तर ते सांगणं होणार नाही. त्यानंतर दादाला सांग. तुझी इतकी मतं आहेत. चहाबद्दल, कवितेबद्दल, टाळ्यांबद्दल. मला परीक्षेला बसायचं आहे, लग्न नंतर, हे मत तू दादाला एकदा तरी सांगितलंस का? तुझ्या पत्रांत ते मला दिसलं नाही.

मी लिहिलं तर तो माझं ऐकेल, आणि तुझं ऐकायचं राहून जाईल. हे कारण.

शरयू


बुलढाणा, १७ ऑक्टोबर १९३७

प्रिय आत्या,

महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतं. मी रोज ताईआत्येजवळ जाऊन बसायची आणि रोज उठून जायची. पितृपक्ष गेला, नवरात्र बसलं. शेवटी पाचव्या माळेला ती दुपारी सुपात तांदूळ निवडत बसली होती तेव्हा मी सांगितलं. सगळं. वजनही सांगितलं.

ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"तू माह्याजवळ हिरडे मागायले आली तवापासून. दोरीवरचं माहं लुगडं हातात धरून पाहून राह्यली होती. पोट्टी रंग पाहून राह्यली, मले वाटलं. चांगलं वाटलं मले."

मला काही कळेना. मी म्हटलं, चांगलं कसं?

ती सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं नेसून राह्यली मी हे. कोणी हात लावून पाह्यलं नाही. तुले आवडला असंल म्हणून तू रंगवला, असं वाटलं मले. तसं असतं त मी काही म्हटलं नसतं. वैजनाथ ओरडला असता त मीच त्याले गप्प केलं असतं. पण तू भेव दाखवायले नेसली." आणि मान वर करून म्हणाली, "मी काय वावरातलं बुजगावणं आहे काय व चारू?"

आत्या, मला रडू आलं तेही तिला आवडलं नाही. म्हणाली, "तांदळात पाणी नको पाडू." आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "खडे पाह्य."

मी खडे पाहिले. चार दिवस रोज पाहिले, तांदळाचे, डाळीचे, ज्वारीचे. मी काही मागितलं नाही. पाचव्या दिवशी तिने पाय पुढे केला. मी तेल आणलं.

मग अप्पा. कचेरीतून आल्यावर ते पाय धुतात आणि वर्तमानपत्र घेऊन झोपाळ्यावर बसतात. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "अप्पा, मला मॅट्रिकला बसायचं आहे. लग्न त्याच्यानंतर ठरवा. आणि त्या दिवशी चूक झाली नव्हती. मी मुद्दाम केलं."

त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मला वाटलं होतं खरं सांगितलं की माणूस निवळतो. तसं झालं नाही. ते मी आजवर पाहिले नव्हते इतके चिडले. कारण अकोल्याला जाऊन ते त्या लोकांची माफी मागून आले होते. पोरीच्या हातून अजाणता झालं, असं हात जोडून सांगून आले होते. "म्हणजे मी त्यांच्या दारात उभा राहून खोटं बोललो. तुह्यासाठी. मले माहीत नसताना."

मी म्हटलं, मी त्यांना पत्र लिहिते.

"लिही," ते म्हणाले. "मी वाचणार नाही. तुह्या नावानं लिही, तुह्या सहीनं."

मुलाच्या आईच्या नावाने लिहिलं. दहा ओळी झाल्या. आधी तीस होत्या, पण तू कशी लिहिशील हा विचार करत खोडत गेले. काल टाकलं. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. फॉर्मबद्दल विचारायची माझी छाती नाही. आई म्हणते, "बोलून बसलीस, आता भोग."

पण कोकिळा म्हणते, "बरं केलं तू. आता निदान घरच्यायले माहीत त झालं तुले काय पाह्यजे."

चारू


नागपूर, २३ ऑक्टोबर १९३७

चि. चारू,

तू लिहिलेलं ताईचं बोलणं मी वाचलं.

तू दादासमोर उभं राहून बोललीस. मी तुझ्या वयाची असताना ते केलं नाही. त्यानंतरही केलं नाही.

दादाचा राग रास्त आहे. त्याला वेळ दे. दरम्यान भूमितीचं पहिलं पुस्तक पुन्हा काढ आणि रोज दोन प्रमेयं, आकृतीसकट, न बघता लिही. सही होईल असं धरून अभ्यास कर. नाही झाली तरी प्रमेयं वाया जात नाहीत.

शरयू


बुलढाणा, २८ नोव्हेंबर १९३७

प्रिय आत्या,

झालं. कसं झालं ते सांगते.

दिवाळी गेली. अप्पांनी शाळा बंद कर म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी रोज पुस्तकं घेऊन निघायची आणि रोज वाटायचं, आज हाक मारतील. फॉर्म वर्गात वाटले तेव्हा माझाही घेतला आणि आठ दिवस दप्तरात ठेवला.

गुरुवारी अकोल्याहून पत्र आलं. माझ्या नावाने नाही, अप्पांच्या. मुलाच्या आईने कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. अप्पांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला दिलं. त्यातलं तुला उतरवून पाठवते: "तुमच्या मुलीचं पत्र पोचलं. आमच्या मुलाचं दुसरीकडे जमलं आहे, तेव्हा तो विषय नाही. पण मुलीला परीक्षा द्यायची आहे हे तुम्ही आधी कळवलं असतं, तर या वयात आम्ही तो घाट चढून आलो नसतो. घरात ज्या बाई बाहेर आल्या त्यांना माझा नमस्कार सांगा. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलायला हवं होतं."

अप्पा म्हणाले, "मी काय कळवू त्यायले? मलेच माहीत नव्हतं." मग माझ्याकडे बघून, "घरात दिवसभर तुही टकळी सुरू असते. हे एवढंच काऊन नाही सांगितलं बे?"

बे म्हणाले, आत्या! ते फक्त गोठ्यातल्या बैलाला आणि लाडात आले की मला म्हणतात.

मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"म्हटलं असतं," ते म्हणाले. "पहिल्यांदा म्हटलंच असतं. मंग दुसऱ्यांदा विचारायचं."

त्यांनी फॉर्म मागितला. कचेरीतल्या कागदाइतका जपून झोपाळ्यावर पसरला आणि एकेक रकाना मोठ्याने वाचत स्वतःच भरला. जन्मतारखेवरून आई आणि त्यांचं भांडण झालं. आई म्हणाली, "मी जन्म दिला की तुम्ही?" सही करायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ताई, अकोल्याच्या बाईनं नमस्कार सांगितला तुले. अन् चारू परीक्षेले बसून राह्यली." आतून ताईआत्या म्हणाली, "बसू दे. पण भूमिती कच्ची आहे तिची, शरयूनं कळवलं मले." तू तिला कधी कळवलंस?

परीक्षा मार्चमध्ये. नव्वद दिवस. माझी अकरा प्रमेयं न बघता येतात.

चारू


नागपूर, ५ डिसेंबर १९३७

तीर्थरूप ताई,

चारू हे तुला वाचून दाखवेल. मध्ये तिने आपलं मत घालू नये.

तेलाच्या पार्सलबरोबर मी दर वेळी एक चिठ्ठी टाकते आणि ती तू कोणाकडून वाचून घेत असशील. त्यात तेल किती दिवस पुरेल तेवढंच असतं. या वेळी भूमितीचं एक वाक्य होतं. आठ वर्षांत तुला मी याहून जास्त लिहिलेलं नाही. घरीही आलेले नाही. रजा मिळत नाही असं मी कळवत आले. रजा मिळते. मी मागितली नव्हती.

१९२९ च्या आषाढात मी निघाले त्या सकाळी वहिनीने दही हातावर घातलं, दादाने पेटी उचलली, गोजरबाईसुद्धा अंगणात उभी होती. तू स्वयंपाकघरात होतीस. निघणाऱ्याला तू आधी दिसू नयेस म्हणून तू दार लोटून घेतलं होतंस. मला ते दिसलं होतं. मी दार उघडून आत यायला हवं होतं. मुहूर्त टळेल असं कोणीतरी म्हणालं आणि मी गाडीत बसले. ज्या बाईने मला पाठवलं तिला न भेटता मी गेले, आणि नंतर तोंड दाखवायचं कसं म्हणून आले नाही.

चारूने तुला सांगितलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मी चोवीस वर्षांची आहे.

दहा दिवसांची रजा घेतली आहे. तेवढ्यात चारूची भूमिती होईल, दोन्ही पुस्तकं. २४ डिसेंबरला सकाळच्या गाडीने मलकापूरला उतरते आणि मोटारीने दुपारपर्यंत पोचते. दादाने स्टँडवर येऊ नये, पेटी हलकी आहे.

तू मात्र त्या दिवशी स्वयंपाकघरात राहू नकोस. पुढच्या ओसरीवर, पायरीजवळ बस. अंगणात शिरल्यावर मला सगळ्यांच्या आधी तू दिसली पाहिजेस.

शरयू